भाडेकरू मधेच जातो म्हणाला तर आधी हिशोब मांडा, लॉक-इन नंतर काढा

नाशिकमध्ये फ्लॅट भाड्याने देणाऱ्या कुणालाही विचारा, भाडेकरू मुदतीआधी सोडून चाललाय तर काय करायचं, उत्तर एकच येतं, डिपॉझिट कापा. सोसायटीच्या ग्रुपवर, एजंटकडे, लग्नात भेटलेल्या नातेवाइकांकडे, सगळीकडे हेच. करारात लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या महिन्यांच्या आत घर सोडायचं नाही ही अट, लिहिलंय ना, मग सोडायचं कशाला. मला हे पटत नाही आणि मी भाडेकरूची बाजू घेऊन बोलत नाहीये, घरमालक म्हणूनच बोलतेय. पाथर्डी फाट्याला आमचा एक टू बीएचके आहे, त्याच्या कर्जाचा हप्ता अजून चालू आहे, भाडं आलं नाही तर तो नवऱ्याच्या पगारातून जातो. म्हणजे पैशाची काळजी मलाही आहेच. पण भाडेकरू जातो म्हणाला की आपलं खरंच किती नुकसान होणार आहे हे कागदावर मांडल्याशिवाय एक शब्दही बोलू नये असं माझं ठाम मत आहे, कारण बहुतेक वेळा तो आकडा आपल्याला वाटतो त्याच्यापेक्षा बराच लहान निघतो.

२०२५ चं सांगते. १ मे पासून करार, ११ महिन्यांचा, भाडं १४,०००, डिपॉझिट ४०,०००, सहा महिने लॉक-इन आणि त्यानंतर कुणीही एक महिन्याची नोटीस द्यायची, असं नेहमीचंच. नवरा-बायको आणि बालवाडीतली मुलगी, तो सातपूरला एमआयडीसीत कामाला. माणसं चांगली, भाडं पाच तारखेच्या आत येणार म्हणजे येणार. ऑगस्टच्या मध्यात त्याचा फोन आला, काकू, कंपनीने चाकणच्या प्लांटला टाकलंय, १ तारखेपासून तिकडे हजर व्हायचंय, मी जातो पुढे पण गणपती इथेच बसवायचेत तर विसर्जन करून मग हिला आणि मुलीला नेतो, घरचे म्हणतात पितृपक्ष लागायच्या आत सामान हलव. आवाजावरूनच कळत होतं की फोन करायला त्याने दोन दिवस तरी धीर गोळा केलाय. डिपॉझिटचं काय हे त्याने विचारलंसुद्धा नाही, ते विचारलं त्याच्या बायकोने नंतर, मेसेज करून.

आता इथे पंचांग बघावं लागतं, आणि हे बाहेरच्या कुणाला सांगून कळणार नाही पण आपल्याकडे भाड्याच्या धंद्यात ते खरं आहे. त्या वर्षी अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला शनिवारी होती, दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष, आणि घटस्थापना २२ सप्टेंबरला. म्हणजे तो ६ ला जाणार आणि नवीन माणूस २२ च्या आत येणार नाही, घर बघायला येतील, पसंत करतील, पण दूध उतू घालायला घटस्थापनाच धरणार. भाडेकरूला पितृपक्षाच्या आधी निघायचंय आणि येणाऱ्याला पितृपक्ष संपल्यावर यायचंय, मधला पंधरवडा घर रिकामं. हेच जर मे-जूनमध्ये घडलं असतं तर चार-पाच दिवसांत माणूस मिळाला असता, शाळा-कॉलेजच्या ॲडमिशन असतात, बदल्या असतात. त्यामुळे भाडेकरू जातोय हे कळल्यावर पहिला प्रश्न किती महिने बाकी आहेत हा नाहीच, पहिला प्रश्न हा की या दिवसांत आपल्या भागात घर किती दिवसांत लागतं.

मी वहीत मांडलं. लॉक-इनप्रमाणे सप्टेंबर आणि ऑक्टोबर असे दोन महिने, २८,०००. हा झाला करारातला आकडा. प्रत्यक्षात तो सहा सप्टेंबरपर्यंत राहणार, त्याचे सहा दिवसांचे २,८००. मग ७ ते २१ पंधरा दिवस घर रिकामं, त्याचे ७,०००. एकूण ९,८००. शिवाय नवीन करार करायचा खर्च. बस, एवढंच माझं नुकसान, तेही माणूस घटस्थापनेला आला तर. २८,००० आणि ९,८०० यातला जो फरक आहे तो माझं नुकसान नाही, तो त्याच्या अडचणीतून मिळणारा फायदा आहे, आणि घटस्थापनेनंतर नवीन भाडेकरूचंही भाडं घ्यायचं आणि याचाही ऑक्टोबर कापायचा म्हणजे एकाच घराचं दोघांकडून भाडं. हे मला नको होतं.

बरं हे नुसतं मनाचं नाही, कायद्याचं पण तसंच आहे. माझा मावसभाऊ जिल्हा कोर्टात वकिली करतो त्याला मी विचारलं. त्याने सांगितलं की १८७२ चा जो करार कायदा आहे त्याच्या ७४ कलमात करार मोडल्याबद्दल जी रक्कम आधीच लिहून ठेवलेली असते ती म्हणजे कमाल मर्यादा, कोर्ट त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाई देतं, लिहिलंय म्हणून सरसकट सगळी देत नाही. आणि ७३ कलमाच्या स्पष्टीकरणात असं आहे की नुकसान मोजताना ते टाळायचे काय उपाय तुमच्या हातात होते हे पण बघायचं. म्हणजे घर रिकामं ठेवून, माणूस शोधायचा प्रयत्नच न करता, दोन महिन्यांचं भाडं मागायला गेलात तर पहिला प्रश्न तोच येणार. सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध डीडीए, म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरण, असा निकाल आहे, ती केस जमिनीच्या लिलावातल्या अनामत रकमेची, भाड्याची नाही, पण त्यातही हेच की नुकसानच झालं नसेल तर नुसती अट दाखवून रक्कम जप्त करता येत नाही. अर्थात चौदा हजाराच्या भाड्यासाठी कोण कोर्टात जातंय, ना आपण ना तो. पण आपली मागणी कितपत रास्त आहे हे स्वतःला समजायला हे माहीत असावं.

आणि लॉक-इनचा कागद नाचवण्याआधी तो कागद कुठला आहे ते बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे आपण घर भाड्याने देताना करतो तो, करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नाही. केली नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदणी नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. आणि आपल्याकडे अजून कितीतरी लोक स्टॅम्प पेपरवर टाईप करून नोटरीचा शिक्का मारून घेतात आणि करार झाला म्हणतात. त्या कागदावर सहा महिने लॉक-इन लिहिलेलं असलं आणि भाडेकरू म्हणाला असं काही ठरलंच नव्हतं, तर तुमच्या हातात काय आहे? पैसे वाचवायला हे करतात म्हणावं तर वाचत पण फार नाहीत. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, म्हणजे एकूण मुदतीचं भाडं अधिक परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के. आमच्या हिशोबात अकरा महिन्यांचं भाडं १,५४,००० आणि व्याज साडेतीन-चार हजार, ड्युटी चारशेच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामीणला ५००. वर एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो त्याचे वेगळे. यासाठी नोंदणी टाळायची हे मला कधीच कळलं नाही.

तर मी त्याला घरी बोलावलं, फोनवर हे बोलणं नको, समोरासमोर बसून वही दाखवली. म्हटलं बघ, करारात २८,००० आहे, मी ते मागत नाहीये, २१ तारखेपर्यंतचं भाडं तू दे, माणूस आधी आला तर तेवढे दिवस मी कमी करीन, उशिरा आला तर तुला काही विचारणार नाही, पण नवीन माणूस शोधायला मला मदत कर, आणि आत्ताच्या आत्ता ईमेलवर लिहून दे की ६ सप्टेंबरला घराचा ताबा देतोय. तो लगेच हो म्हणाला. उशीर झाला तर काही विचारणार नाही हे माझ्या नवऱ्याला पटलं नव्हतं, तो म्हणाला सगळी जोखीम आपण का घ्यायची. मला वाटतं ती आपणच घ्यायची, घर आपलं आहे, भाडं किती सांगायचं, रंग लावायचा की नाही, कुणाला द्यायचं कुणाला नाही हे सगळं आपल्या हातात असतं, मग त्यातून होणाऱ्या उशिराचे पैसे गेलेल्या माणसाकडून कसे घेणार?

आमच्याच बिल्डिंगमध्ये याच्या बरोब्बर उलटं झालेलं मी पाहिलं होतं. एका घरमालकाने सांगून टाकलं, लॉक-इन म्हणजे लॉक-इन, एक रुपया सुटणार नाही. भाडेकरूने वाद घातला नाही, फक्त पुढच्या महिन्यापासून भाडं देणं बंद केलं, डिपॉझिटमध्ये ॲडजस्ट करा म्हणाला, आणि अडीच महिने राहून गेला. जाताना गिझर बंद, दोन नळ तुटलेले, महावितरणचं बिल थकलेलं, आणि कापायला डिपॉझिटच शिल्लक नाही. वर त्या काळात तो घर दाखवूच देत नव्हता, कोण बघायला आलं की आज आम्ही बाहेर आहोत. म्हणजे लॉक-इन वसूल झालं पण पुढचा महिना-दीड महिना घर रिकामं राहिलं ते वेगळंच. जाणाऱ्या माणसाशी भांडण करून ठेवलं की घर दाखवायला कोण उघडणार हा विचार कुणी करत नाही. राहतं घर, आवरलेलं, ओट्यावर चहा उकळतोय, असं घर बघायला आलेल्या माणसाला लगेच आवडतं, रिकामं कुलूपबंद घर तसं आवडत नाही. आमच्या भाडेकरूच्या बायकोने चार-पाच कुटुंबांना घर दाखवलं, गणपतीची आरास असतानासुद्धा, आणि पाणी कधी येतं, गच्चीवर कपडे वाळत घालता येतात का, घंटागाडी किती वाजता येते हे सगळं तिनेच सांगितलं. एजंटने इतक्या मनापासून सांगितलं नसतं.

शेवटी माणूस त्याच्याच कंपनीतला मिळाला. इथे मात्र एक गोष्ट कडक ठेवा. तो म्हणाला काकू, मित्रच आहे, करार तसाच राहू दे, उरलेले महिने तो राहील, भाडं तो देईल, डिपॉझिट आमचं आम्ही बघून घेऊ. अजिबात नाही. कागदावर एक माणूस आणि घरात दुसरा, उद्या काही झालं, पोलीस आले, गॅसचा काही प्रकार झाला, तर उत्तर देणार कोण? जुना करार लेखी संपवायचा, जुन्याचं डिपॉझिट जुन्याला, नव्याचं नव्याकडून, नवीन करार, नवीन नोंदणी, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती नव्याने द्यायची, सोसायटीला पत्र. मित्र असो नाहीतर सख्खा भाऊ. त्याला जरा वाईट वाटलं असेल पण समजावलं की हे तुझ्याच भल्याचं आहे, नोंदणीकृत करार तुझ्या नावावर चालू राहिला तर त्या घरात जे होईल त्यात तुझं नाव येणार.

दुसरी गोष्ट, नव्याकडून टोकन घ्यायची घाई करू नका. जुन्याने तारीख लिहून दिल्याशिवाय नव्याला तारीख सांगायची नाही, आणि दोन तारखांमध्ये दोन-तीन दिवस तरी मोकळे ठेवायचे. आपण घाबरतो भाडेकरू लवकर जाण्याला, पण जातो म्हणून सांगून तो न जाणं हे कितीतरी वाईट आहे, इकडे नवा माणूस टेम्पो ठरवून बसलाय आणि हा म्हणतो तिकडचं घर अजून तयार नाही, आठ दिवस द्या. कराराची मुदत संपूनही घर सोडलं नाही तर दुप्पट दराने भरपाईची तरतूद भाडे नियंत्रण कायद्याच्या २४ कलमात आहे, पण मुदतीआधी सोडायचं ठरतं तेव्हा संपायची तारीख आपण दोघांनी लिहून ठरवलेली असेल तरच बोलायला जागा राहते. म्हणून तो ईमेल. नुसत्या तोंडी बोलण्यावर राहू नका, व्हॉट्सॲपवर ओके काकू एवढंच असेल तर ते पण पुरेसं समजू नका, तारीख, भाडं कुठपर्यंत, डिपॉझिटमधून काय काय वजा, तीन वाक्यांत सगळं येतं.

६ तारखेला सकाळी त्यांनी विसर्जन केलं आणि दुपारी टेम्पो लागला. मी आणि नवरा गेलो, खोल्या बघितल्या, मीटरचा फोटो काढला, महावितरणच्या ॲपवर बिल बघून उरलेल्या दिवसांचे अंदाजे ९०० धरले. चाव्या, गेटचं कार्ड, पार्किंगचं स्टिकर. भिंतीला खिळ्यांची भोकं, मुलीने बेडरूममध्ये पेन्सिलने काढलेली चित्रं. त्याचे पैसे मी कापले नाहीत आणि कापू पण नयेत, घरात माणसं राहिली की एवढं होणारच, भाडं त्याचंच असतं. रंगाचे म्हणून सरसकट एक महिन्याचं भाडं कापायची पद्धत आपल्याकडे बोकाळली आहे, चार महिने राहिलेल्या माणसाकडून अख्ख्या घराचा रंग, हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं. तुटलेला बेसिन, जळालेली मोटर, हरवलेली चावी, याचे घ्या की, बिल दाखवून घ्या.

हिशोब असा झाला. ४०,००० मधून ९,८०० भाडं, ९०० लाईट बिल, आणि नवीन करारातला माझ्या वाट्याचा खर्च १,००० त्याने स्वतःहून देऊ केला तो. २८,३०० परत. हे मी तिथेच उभं राहून त्याच्या खात्यात टाकले, टेम्पो निघायच्या आधी. याबद्दल मी फार आग्रही आहे. डिपॉझिट पंधरा दिवसांनी बघू, सगळं तपासून देऊ, हे जे चालतं ना, त्याने नव्या शहरात घर शोधणाऱ्या कुटुंबाची कोंडी होते, तिकडचं डिपॉझिट त्यांना त्याच आठवड्यात भरायचं असतं. तपासायचं ते आधी जाऊन तपासा. त्याच्याकडून ताबा दिला आणि हिशोब मिळाला असं सही करून घेतलं, जुना करार आजपासून संपला हे पण त्याच कागदावर, आणि त्याला एचआरएसाठी, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्यासाठी, भाड्याच्या पावत्या लागणार होत्या त्या करून दिल्या. वर्षाचं भाडं लाखाच्या वर जात असेल तर नोकरदाराला घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, तो लपवणारे घरमालक पण बघितलेत, तो विषय वेगळा.

आता हे सगळं चांगल्या माणसाच्या बाबतीत झालं हे मला मान्य आहे. भाडं थकवणारा, शेजाऱ्यांना त्रास देणारा, तो मधेच जातो म्हणाला तर मी म्हणेन पेढे वाटा आणि जाऊ द्या, लॉक-इन विसरा. आणि आपल्यामुळे जात असेल तर? पाण्याचंच घ्या, घर दाखवताना भरपूर पाणी आहे म्हणून सांगायचं आणि एप्रिलमध्ये टँकरवर आणायचं, बाथरूमची गळती तीनदा सांगूनही दुरुस्त करायची नाही, आणि मग तो कंटाळून निघाला की करार दाखवायचा. अशा वेळी लॉक-इनचं नाव काढायचा हक्क आपल्याला नाही, करार आधी आपण मोडलेला असतो. आणि घरात कुणाचं आजारपण निघालं, नोकरी गेली, कुणी वारलं, तर राहिलेल्या दिवसांचं घ्या आणि बाकी सोडून द्या, त्यात हिशोब मांडायला पण बसू नका.

कॉलेज रोड, गंगापूर रोडला पोरांना घर देणाऱ्यांची अडचण वेगळी असते, तिघं राहतात आणि एक जण मधेच जातो, राहिलेले दोघं म्हणतात आम्ही आमचाच हिस्सा देणार. तिथे करार करतानाच तिघांची नावं घालून पूर्ण भाड्याची जबाबदारी तिघांवर एकत्र टाकावी लागते, आणि एक जण बदलला तर करार पुन्हा. कटकट आहे पण दुसरा मार्ग मला दिसत नाही.

आणि सध्या २०२७ च्या सिंहस्थाची हवा आहे, कित्येक घरमालक करारात लॉक-इन घालतात ते फक्त भाडेकरूवर, आपल्याला मात्र कधीही घर रिकामं करून घ्यायची मुभा ठेवतात, कुंभमेळ्यात रोजावर घर देता येईल म्हणून. मला हे चुकीचं वाटतं. मुलांच्या शाळा चालू असताना त्या कुटुंबाने कुठे जायचं? लॉक-इन ठेवायचंच तर दोघांवर सारखं ठेवा.

नव्या भाडेकरूच्या करारात मी आता लॉक-इनचं कलम बदलून घेतलंय. सहा महिन्यांच्या आत सोडायचं असेल तर एक महिन्याची लेखी नोटीस, आणि नोटीस संपल्यावर घर रिकामं राहील तेवढ्या दिवसांचं भाडं, पण जास्तीत जास्त एका महिन्याचं. बदलीचं पत्र दाखवलं तर फक्त नोटीस, बाकी काही नाही. नोटीस दिल्यावर आधी ठरवून घर दाखवू द्यायचं. घरमालकाला घर हवं असेल तर त्यानेही दोन महिने आधी सांगायचं आणि सहा महिन्यांच्या आत सांगितलं तर सामान हलवायचा खर्च द्यायचा. करार टाईप करणारा एजंट म्हणाला मॅडम असं कुणी लिहीत नाही, आमचा फॉरमॅट ठरलेला असतो. मी म्हटलं फॉरमॅटमध्ये इतर अटींसाठी जागा असते, तिथे टाका. टाकलं त्याने.